सिनॉप्सिसवर सही करण्याआधी: नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना एका ग्रंथपालाचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य, संशोधनाचे गाइड आणि संस्थाचालक यांस,

सादर नमस्कार.

एम.एस्सी. नर्सिंगच्या सिनॉप्सिसचे, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचे, दिवस आले की माझ्या टेबलापाशी एकच मागणी असते. "मॅडम, मागच्या बॅचची डेझर्टेशन्स काढून द्या ना, सेम टॉपिकची." काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमधले, सोनेरी अक्षरांचे ते ठोकळे कपाटातून बाहेर येतात, दुसऱ्या प्रकरणाचे मोबाइलवर फटाफट फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर', म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, तयार! ज्या ठोकळ्यातून तो उचलला, त्यातही तो त्याआधीच्या ठोकळ्यातूनच आलेला असतो. त्यामुळे अगदी ताज्या प्रबंधातसुद्धा 'अलीकडेच झालेल्या एका अभ्यासात' अशी सुरुवात करायची आणि खाली संदर्भ 2004चा, हा प्रकार सर्रास दिसतो. वीस वर्षांपूर्वीचं 'अलीकडेच' बॅचमागून बॅच जसंच्या तसं उतरत आलेलं असतं. प्लेजिअरिझमच्या रिपोर्टमध्ये ते पकडलं जाऊ नये म्हणून वाक्यं तेवढी उलटीपालटी केलेली असतात.

मुलामुलींना मी बोल लावत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी क्लास, रात्री केस प्रेझेंटेशनची तयारी, आणि संशोधनाचे लेख शोधायचे कसे हे चार वर्षांत कुणी कॉम्प्युटरसमोर बसवून दाखवलेलं नाही. शोधण्याची एकच रीत त्यांना ठाऊक आहे, ती म्हणजे गुगलच्या चौकटीत अख्खं शीर्षक टाकायचं. अशा सिनॉप्सिसवर सही तुमची होते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

नुकतंच घडलेलं एक उदाहरण सांगते. मेडिकल-सर्जिकल स्पेशालिटीची एक विद्यार्थिनी आली. विषय बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने रुग्णाच्या अंगावर होणाऱ्या जखमा. गुगलवर तिला काय मिळालं? वर एअर मॅट्रेसच्या जाहिराती, मग हॉस्पिटलांच्या वेबसाइटवरची माहितीपर पानं आणि खाली नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या एका नियतकालिकातला लेख, ज्याची निम्मी वाक्यं पाठ्यपुस्तकातली. तिला म्हटलं, हे बंद कर, पबमेड उघड.

पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची, वैद्यकीय लेख शोधून देणारी सेवा. 1997पासून ती जगात कुणालाही फुकट आहे आणि तिच्यात आज साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. तिथे 'बेडसोअर' टाकल्यावर मी तिला निकालांच्या यादीकडे जाऊ दिलं नाही, आधी 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन सर्च डिटेल्स उघडायला लावले. तिने टाकलेल्या शब्दाच्या जोडीला पबमेडने 'प्रेशर अल्सर' हा आपला अधिकृत विषयशब्द स्वतःहून लावून घेतला होता. या विषयशब्दांच्या यादीला 'मेश' म्हणतात. 1960पासून ती चालू आहे आणि लेखांना योग्य विषयशब्द लावण्याचं काम त्या लायब्ररीत अखंड चालतं, 2022पासून मुख्यतः संगणकाकरवी. आपल्या वॉर्डात बेडसोअर म्हणतात, जुने लेखक डेक्युबिटस अल्सर लिहीत आणि 2016 साली अमेरिकेतल्या या विषयावरच्या सल्लागार मंडळाने 'प्रेशर इंज्युरी' हे नाव धरलं. गुगलवर यातला एकच शब्द टाकणाऱ्या मुलीच्या हाती काय लागतं आणि काय निसटतं याचा तिला पत्ताच लागत नाही. मेशमध्ये हे सगळे शब्द एका छत्राखाली येतात.

मग तिला प्रश्नाचे तुकडे पाडायला लावले. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय मोजायचा. पुस्तकात याला पिको म्हणतात. (साडीच्या फॉल-पिकोवरून वर्गात दरवर्षी तोच विनोद होतो, तो सोडून देऊ.) प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडायचे, तुकडे एकमेकांना 'अँड'ने जोडायचे, दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाकायचे. 'नॉट'ला शक्यतो हातच लावायचा नाही, कारण तो कामाचे लेखही बाहेर काढतो. डावीकडे गाळण्या असतात. तिथे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू'वर, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांवर, खूण केल्यावर यादी एकदम आवाक्यात आली आणि त्यात असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एक आढावा होता: प्रौढ रुग्णांची कूस बदलून प्रेशर अल्सर टाळता येतो का, यावरचा. पहिला 2014चा, सुधारित आवृत्ती 2020ची.

त्याचा निष्कर्ष वाचून ती माझ्याकडे बघत राहिली. 'दर दोन तासांनी पोझिशन बदला' हे आपण पहिल्या वर्षापासून घोकतो, परीक्षेत लिहितो, वॉर्डात सिस्टर त्यावरून ओरडतात. आणि आढावा सांगतो की किती तासांनी कूस बदलावी आणि कोणत्या स्थितीत झोपवावं, याबद्दल उपलब्ध पुरावा कमी किंवा अगदीच कमी खात्रीचा आहे, चांगल्या अभ्यासांची उणीव आहे. (कूस बदलू नका असं तो म्हणत नाही. पुरावा अपुरा असणं आणि उपाय निरुपयोगी असणं यांतला फरक तिला समजावून सांगायला तिच्या गाइड मॅडमना बोलवावं लागलं आणि त्या आनंदाने आल्या.) तिचा आधीचा विषय होता, 'बेडसोअर प्रतिबंधाबाबत स्टाफ नर्सेसच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता'. आढावा वाचल्यावर त्या विषयात तिलाच राम वाटेना.

या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामबद्दल थोडं स्पष्ट बोलते. प्री-टेस्ट घ्यायची, पाऊण तास शिकवायचं, तीच प्रश्नावली पोस्ट-टेस्ट म्हणून पुन्हा द्यायची, गुण वाढले, 'पी' 0.05च्या खाली (म्हणजे वाढ निव्वळ योगायोगाची नाही असं धरायचं), निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक. शिकवल्यावर शिकवलेलं आठवतं, हे सिद्ध करायला प्रबंध कशाला हवा? आमच्या कपाटात या साच्याचे प्रबंध ओळीने उभे आहेत. आजार, गाव आणि नमुन्याची संख्या तेवढी बदललेली. दुसऱ्या प्रकरणासाठी खरा शोध घेतला असता तर यातले कितीतरी विषय पहिल्याच आठवड्यात गळून पडले असते, कारण त्याच प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालंय किंवा प्रश्नच चुकीचा आहे हे दिसलं असतं. स्तनांत दूध दाटल्यावर कोबीची पानं ठेवण्याचा विषय घ्या. नर्सिंगच्या प्रबंधांचा हा लाडका विषय. त्यावरही कॉक्रेनचा आढावा आहे आणि तोही पुरावा कमी खात्रीचाच ठरवतो. पुढचा अभ्यास करायचाच तर तो त्या आढाव्यातल्या उणिवा बघून करावा. आधीच्या बॅचच्या ठोकळ्यात त्या उणिवांचा उल्लेखही नसतो.

पबमेडपाशी थांबता येत नाही, हेही खरं. तिथे डॉक्टरांच्या लेखांची गर्दी फार. नर्सिंगसाठी स्वतंत्र सूची हवी हे ज्यांना सर्वांत आधी जाणवलं, त्यांत माझ्यासारखीच एक रुग्णालयातली ग्रंथपाल होती. 1940च्या दशकात लॉस एंजेलिसच्या व्हाइट मेमोरियल हॉस्पिटलमध्ये एला क्रँडल नर्सेसच्या मासिकांतले लेख कार्डांवर टिपून ठेवत, कारण विचारायला येणाऱ्या नर्सेसना देण्यासारखी सूचीच नव्हती. त्या कार्डांतून 1961 साली छापील सूची निघाली आणि तिचा आजचा अवतार म्हणजे सिनाल हा डेटाबेस, जो आता एब्स्को कंपनीकडे आहे. सिनालमध्ये 'पीअर रिव्ह्यूड' (छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी तपासलेले) आणि 'रिसर्च आर्टिकल' अशा गाळण्या आहेतच, पण मला आवडते ती 'फर्स्ट ऑथर इज नर्स' ही. पहिली लेखिका नर्स असेल तेच लेख दाखव! ही गाळणी लावून दाखवली की वर्गातल्या मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात. नर्ससुद्धा एवढं लिहितात हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसतं.

पण सिनाल विकत घ्यावा लागतो आणि इथे संस्थाचालकांशी बोलायची वेळ येते.

मी पूर्वी ज्या एका कॉलेजात होते, तिथे एका डेटाबेसची वर्गणी भरलेली होती. युजरनेम आणि पासवर्ड कुठे? इन्स्पेक्शनच्या फाइलमध्ये, कार्यालयाच्या कपाटात, कुलुपात. विद्यार्थ्यांना दिला तर 'गैरवापर होईल' म्हणे! इन्स्पेक्शनच्या दिवशी एका कॉम्प्युटरवर ते पान उघडून ठेवायचं, समिती गेली की बंद. वर्गणीची मुदत संपली तेव्हा वापराची आकडेवारी शून्याला टेकलेली होती आणि त्याच आकडेवारीवर बोट ठेवून पुढच्या वर्षीची वर्गणी नाकारण्यात आली. छापील जर्नल्सचीही हीच गत. रॅकवर सरळ रेषेत मांडलेली, पानं न फुटलेली, इन्स्पेक्शनला मोजायला सोयीची. माझ्यासारख्या ग्रंथपालाला मात्र जूनपासून अॅडमिशनच्या फॉर्मवर बसवलेलं असतं. लायब्ररीत तशी गर्दी नसतेच ना!

सरकारी धोरणातही नर्सिंगची बाजू लंगडी आहे, याची जाणीव तुम्हाला असायला हवी. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी देशभरच्या संस्थांसाठी संशोधन-नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रामार्फत 2025पासून ती सुरू झाली. योजना उत्तम. पण ती 6,300हून अधिक सरकारी संस्थांसाठी आहे आणि आपल्याकडची बहुतांश नर्सिंग कॉलेजं खासगी. त्याआधी कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही ई-जर्नल्सची योजना आली, तेव्हा तिच्या पात्रतेच्या नियमातच वगळलेल्या शाखांच्या यादीत नर्सिंगचं नाव होतं. गरीब देशांना जागतिक आरोग्य संघटनेच्या हिनारी कार्यक्रमातून जर्नल्स मिळतात, त्या यादीत भारत बसत नाही. म्हणजे आपण श्रीमंतांच्या रांगेतही नाही आणि गरिबांच्याही नाही. मग पोरं साय-हबकडे, म्हणजे विकतचे लेख परवानगीविना फुकट देणाऱ्या वेबसाइटकडे, वळायची. 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती वाटही बंद झाली. ते योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको.

यावर रस्ता नाही असं नाही. शेजारच्या कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2003 साली हेलिनेट सुरू केलं. संलग्न महाविद्यालयांनी मिळून खर्च उचलायचा आणि ई-जर्नल्स सगळ्यांनी वापरायची. एकट्या कॉलेजला न परवडणारी गोष्ट शेकडो कॉलेजांच्या वाट्याला थोडी थोडी आली की परवडते, हा साधा व्यवहार आहे. तुम्ही प्राचार्य मंडळी कॉन्फरन्सला, पेपर तपासणीला सारखी भेटता. सिनालची एकत्र वर्गणी काढण्याचा प्रस्ताव तुम्ही मिळून नाशिकला, आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासमोर ठेवा. आणि विद्यापीठाकडून किंवा इतर कुठूनही जे ई-साहित्य आज तुमच्या कॉलेजला मिळतं, त्याचं लॉगिन शेवटच्या विद्यार्थिनीच्या मोबाइलपर्यंत पोचलंय का, एवढं या आठवड्यात तपासा. जोडीच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर्सनाही ते द्या. रात्रपाळीत प्रश्न त्यांनाच पडतात.

बरं, पैसे मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. पबमेड फुकट आहे. पबमेड सेंट्रलवर 2000पासून पूर्ण लेख फुकट मिळतात. पबमेडच्या निकालांतच 'फ्री फुल टेक्स्ट'ची गाळणी आहे, फक्त ती शेवटी लावायची. मुलं ती सुरुवातीलाच लावतात आणि जे फुकट मिळेल तेवढंच जगात आहे असं समजतात. कॉक्रेनचे सारांश, साध्या भाषेतल्या गोषवाऱ्यासकट, सगळ्यांना खुले असतात. खुली जर्नल्स धुंडाळायला डीओएजे ही त्यांची ऑनलाइन सूची आहे. भारतातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर आहेत. ट्रेंड नर्सेस असोसिएशनचं 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' 1910पासून निघतं आणि त्यातले कितीतरी लेख पबमेडवर नोंदलेले आहेत, तेही मुलांना माहीत नसतं. एखादा लेख कुठेच मिळाला नाही तर लेखकाला ईमेल करायचा. दोन ओळींच्या नम्र ईमेलला पीडीएफ जोडून उत्तर येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्यत्व असेल तर तिथूनही लेखाची प्रत मागवता येते.

आता एक नवीच डोकेदुखी. 'मॅडम, हा आर्टिकल शोधून द्या' म्हणत मुलं पूर्ण संदर्भ घेऊन येतात: लेखकांची नावं, जर्नल, वर्ष, खंड, पानं, सगळं नीटनेटकं. आणि लेख अस्तित्वातच नसतो. चॅटबॉटने रचलेला असतो. जर्नल खरं, लेखकही कधीकधी खरे, लेख तेवढा खोटा. सिनॉप्सिसमधल्या अशा संदर्भावर गाइडची सही झालेली असते, ही गोष्ट मला जास्त झोंबते. पकडायला मिनिटही लागत नाही. पबमेडवरच्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा क्रमांक असतो, तो शोधचौकटीत टाकला की थेट तोच लेख समोर येतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, असेल तर तो उघडून बघायचा. विद्यार्थ्याने प्रत्येक संदर्भापुढे यातलं जे उपलब्ध असेल ते लिहावं आणि सही करण्याआधी गाइडने मधलेच कुठलेही पाच उघडून पाहावेत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं दुखणं याला जोडूनच आहे. यूजीसीची केअर ही मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी 2025च्या सुरुवातीला बंद झाली. ती असताना निदान बोट दाखवायला काहीतरी होतं. आता जर्नल बरं की वाईट हे ठरवणं कॉलेजच्या अंगावर आलंय आणि 'गुगल स्कॉलरवर दिसतं' हे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. तिथे सगळंच दिसतं.

अभ्यासक्रमाने तुम्हाला जागा करून दिलेली आहे. बी.एस्सी.च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स आहे, सातव्या सत्रात रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. दुसऱ्या सत्रात आज काय होतं? एमएस वर्डमध्ये तक्ता काढायचा, पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं उडवायची. त्यातले काही तास लायब्ररीत, ग्रंथपाल आणि विषयशिक्षक दोघांच्या हजेरीत, लावा. दोघं का, तर शोध कसा घ्यायचा ते मी दाखवीन, पण सापडलेला लेख रुग्णाच्या कामाचा आहे का ते मला कळत नाही, ते मॅडमनाच कळतं. आणि गावाकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी गोषवाऱ्याची धास्ती वाटते, ती एकटीने वाचून जात नाही. चौघींनी मिळून एक गोषवारा मराठीत बोलून समजून घेतला की दुसऱ्याला ती स्वतःहून हात घालते. सातव्या सत्रात प्रत्येकीने स्वतःच्या प्रश्नावर शोध घ्यावा आणि त्याला इंटर्नल मार्क असावेत. मार्क नसले तर कुणी करणार नाही, हे आपण दोघंही जाणतो.

एम.एस्सी.साठी माझी मागणी याहून कडक आहे. सिनॉप्सिससोबत शोधाचं एक पान जोडलेलं असावं: कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, नेमके कोणते शब्द कसे जोडून शोधलं, किती नोंदी आल्या, गोषवारे वाचून किती उरल्या, पूर्ण लेख किती वाचले. ते पान लायब्ररीत माझ्यासमोर पुन्हा चालवून बघता आलं पाहिजे. शब्द आणि तारीख दिली की तीच यादी जवळपास तशीच मिळायला हवी. नाही मिळाली तर विचारायचं, का नाही मिळाली? हे पान नसेल तर सिनॉप्सिस एथिक्स कमिटीपुढे पाठवू नका. पहिल्या वर्षी गाइड मंडळी कुरकुर करतील. त्यांच्यापैकी अनेकांनाही हे कुणी शिकवलेलं नाही, आणि ते कबूल करायला लावून त्यांचा मान घालवण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी आधी स्वतंत्र कार्यशाळा घ्या, विद्यार्थी नसताना. सीएनईच्या, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसच्या सततच्या शिक्षणाच्या, नावाखाली घेतली तर सिस्टर्सही येतील.

खर्च विचाराल तर सुरुवातीला चालू स्थितीतले चार-पाच कॉम्प्युटर आणि अधेमधे न तुटणारं इंटरनेट एवढंच लागतं. अॅडमिशनच्या काउंटरवरून ग्रंथपालाला परत लायब्ररीत पाठवायला तर काहीच लागत नाही.

पुढच्या सत्राचं टाइमटेबल तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा 'लायब्ररी' असं लिहिलेली, शनिवारच्या शेवटच्या तासाची चौकट नेहमीप्रमाणे 'सेल्फ स्टडी' म्हणून सोडून देऊ नका. ती आठवड्याच्या मध्ये सकाळच्या तासाला घ्या आणि शिक्षकाच्या नावापुढे ग्रंथपालाचंही नाव लिहा. शोधाच्या पानाचा नमुना मी तयार केलेला आहे. कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथपालाने मागितला तर देईन. त्यात आपापल्या विषयाप्रमाणे बदल करून घ्यावेत.

आपली नम्र,
एका खासगी नर्सिंग महाविद्यालयाची ग्रंथपाल